नॉर्कोची बादली: हवेचा नमुना, नाक आणि पुराव्याचा प्रश्न

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, न्यू ऑर्लिन्सपासून मिसिसिपी नदीच्या वरच्या अंगाला साधारण ४० किलोमीटरवर नॉर्को नावाचं गाव आहे. गावाचं नावच एका तेलशुद्धीकरण कंपनीच्या आद्याक्षरांवरून पडलेलं. या गावात डायमंड नावाची वस्ती होती. चार गल्ल्या, जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय कुटुंबं, पिढ्यान् पिढ्या तिथंच राहणारी. वस्तीच्या एका बाजूला शेल या तेलकंपनीचा रसायन कारखाना आणि दुसऱ्या बाजूला रिफायनरी. मार्गी रिचर्ड या शिक्षिकेचं घर रसायन कारखान्याच्या कुंपणापासून जेमतेम २५ फुटांवर होतं.

१९७३ मध्ये कारखान्याच्या पाइपमधून गळालेल्या वायूने पेट घेतला. वस्तीतली एक वयस्कर बाई आणि गवत कापत असलेला एक मुलगा असे दोघे त्यात गेले. मे १९८८ मध्ये रिफायनरीत स्फोट होऊन ७ कामगार मेले. या घटनांची नोंद झाली, चौकश्या झाल्या. रोजच्या त्रासाची मात्र नोंद कुठेच नव्हती. रात्री-अपरात्री उग्र वास सुटायचा, डोळे चुरचुरायचे, डोकं धरायचं, दम्याची मुलं रात्रभर बसून काढायची. तक्रार करावी तर अधिकारी येईपर्यंत काही तास गेलेले असत. तोवर वारा फिरलेला आणि वास विरलेला. मग कागदावर लिहिलं जाई की आक्षेपार्ह काही आढळलं नाही. हवा मोजण्याची साधनं होती कंपनीकडे आणि सरकारकडे. ज्यांच्या फुप्फुसात ती हवा जात होती त्यांच्याकडे फक्त शब्द होते. वस्तीने कोर्टात जाऊन पाहिलं, पण १९९७ मध्ये ज्यूरीचा निकाल त्यांच्याविरुद्ध गेला.

हे प्रकरण मी अभ्यासासाठी निवडलं त्याचं कारण रसायनशास्त्राशी जोडलेलं आहे. स्वस्त उपकरणं बनवण्याविषयी आपल्याकडे आता बरंच लिहिलं जातं: मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चालणारे रंगमापक, एलईडीचे प्रकाशमापक, डीव्हीडीच्या तुकड्यापासून केलेले वर्णपटमापक. त्यात बहुतेक वेळा प्रयोगशाळेतलं महागडं यंत्र घरगुती वस्तूंमधून पुन्हा उभं करण्याची धडपड असते. डायमंडच्या लोकांच्या हातात आलेलं उपकरण, म्हणजे हवेचा नमुना घेणारी प्लास्टिकची बादली, वेगळ्या विचारातून घडलं. रासायनिक पृथक्करणाच्या लांबलचक साखळीतली नेमकी कोणती कडी स्वस्त करायची, हे त्यात फार शहाणपणाने ठरवलेलं होतं. माझ्या मते या प्रकरणातून शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

बादली आली कुठून

गोष्ट सुरू होते कॅलिफोर्नियातल्या रोडिओ गावात. तिथल्या युनोकल रिफायनरीतून ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये कॅटाकार्ब नावाचं रसायन सलग १६ दिवस गळत राहिलं. रोडिओ आणि शेजारचं क्रॉकेट इथले लोक मोठ्या संख्येने आजारी पडले. त्यांचं वकीलपत्र घेतलेले एड मॅसरी पुढे एकदा अशिलांना भेटायला गेले असताना स्वतःच तिथल्या वायूने आजारी पडले. त्यांनी फोन करून तक्रार केली, तेव्हा यंत्रणांनी सांगितलं की आमच्या मापकांवर काही दिसत नाही. मॅसरींनी मग पर्यावरण अभियंत्यांना कामाला लावलं आणि लोकांना स्वतः वापरता येईल असं हवेचा नमुना घेण्याचं साधन तयार करून घेतलं. डेनी लार्सन या कार्यकर्त्याने पुढे त्याची रचना आणखी सोपी केली, इतकी की हार्डवेअरच्या दुकानातल्या सामानातून ते घरी जुळवता यावं. खर्च १०० डॉलरच्या आसपास. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, पश्चिम विभागाच्या कार्यालयाने त्याची तपासणी करून नमुन्यांच्या गुणवत्तेची पद्धत मान्य केली. हे फार महत्त्वाचं ठरलं, कारण त्यामुळे बादलीतला नमुना 'हौशी लोकांचा खेळ' म्हणून बाजूला सारणं अवघड झालं.

आत काय आहे

मुख्य वस्तू ५ गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची प्लास्टिकची बादली. झाकण घट्ट बसणारं हवं. झाकणाला दोन भोकं पाडून त्यात स्टेनलेस स्टीलचे जोड बसवलेले. एका जोडाला आतून टेडलारची पिशवी लावलेली आणि बाहेरून झडप असलेली आखूड नळी. दुसऱ्या जोडातून बादलीतली हवा ओढून घ्यायची, त्यासाठी बॅटरीवर चालणारा लहानसा व्हॅक्यूम पंप. टेडलार म्हणजे पॉलिव्हिनाइल फ्लोराइडचा पातळ पापुद्रा. तो बहुतेक सेंद्रिय वायूंशी काही क्रिया करत नाही आणि त्यांना फारसा शोषूनही घेत नाही.

आता कामाची रीत. पंप सुरू केला की बादलीतली हवा बाहेर जाते आणि आतला दाब किंचित कमी होतो. पिशवी लुळी असल्याने तिला तेवढा फरक पुरतो. बाहेरची हवा नळीतून आपोआप पिशवीत शिरते आणि पिशवी फुगत जाते. आपली छाती असंच करते: बरगड्या आणि पडदा हलून छातीच्या पोकळीतला दाब उतरतो आणि फुप्फुसं हवा ओढून घेतात. औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रात हीच युक्ती वापरणाऱ्या पेट्या आधीपासून होत्या, बादलीने ती लोकांच्या हातात दिली.

या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे नमुना पंपातून जातच नाही. पंपातलं वंगण, रबर, जुन्या नमुन्याचा अंश, यांपैकी कशाचाही संपर्क पिशवीतल्या हवेशी येत नाही. नमुना फक्त आखूड नळी, झडप आणि पिशवी एवढ्यालाच शिवतो. म्हणून पंप कितीही स्वस्तातला असला तरी चालतो. दुसरी गोष्ट, बादलीच्या झाकणातून थोडी गळती झाली तर पिशवी सावकाश भरते इतकंच. नमुना बिघडत नाही. जिथे चूक होण्याची शक्यता जास्त, म्हणजे हाताने कापलेलं झाकण आणि बसवलेले जोड, तिथली चूक निरुपद्रवी राहील अशी ही मांडणी आहे. गळतीला संधी द्यायची नाही ती पिशवीच्या झडपेपाशी. स्वस्त उपकरण बनवणाऱ्या प्रत्येकाने हा भाग डोळ्यांखालून घालावा. आपल्या हाताने होणाऱ्या चुका मोजमापात उतरणार नाहीत अशा जागी त्या ढकलायच्या, यात डिझाइनचं खरं कसब आहे.

पिशवी भरायला दोन-तीन मिनिटं लागतात. भरली की झडप बंद करून पिशवी बाहेर काढायची, उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर ठेवायची आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवायची. गंधकाची संयुगं असतील तर २४ तासांच्या आत, इतर बाष्पशील, म्हणजे सहज वाफ होणाऱ्या, संयुगांसाठी फार तर दोन-तीन दिवसांत. त्यापुढे पिशवीतली हवा बदलू लागते. टेडलारचेही स्वतःचे दोष आहेत: फिनॉल आणि डायमिथाइल अॅसिटामाइड यांचे अंश पापुद्र्यातूनच सुटतात. म्हणून शुद्ध नायट्रोजन भरलेली एक कोरी पिशवी नमुन्यासोबत पाठवायची असते. कोऱ्या पिशवीत जे दिसेल त्यावर कारखान्याचं नाव लिहिता येत नाही.

काय स्वस्त झालं, काय नाही झालं

प्रयोगशाळेत ही पिशवी गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटरच्या जोडयंत्राला लावतात. पहिलं यंत्र मिश्रणातली संयुगं लांब केशनलिकेतून वेगवेगळ्या वेळी बाहेर काढतं, दुसरं प्रत्येक संयुगाचे तुकडे करून त्या तुकड्यांचं वजन पाहतं. बेंझीन ७८ या वजनावर ठळक उमटतं, टोल्युइन ९१ वर. अब्जात एखादा भाग एवढ्या प्रमाणातलं संयुगही ओळखता येतं. हे यंत्र कुठल्याही स्वयंपाकघरात किंवा गॅरेजमध्ये तयार होणारं नव्हे. एका नमुन्याच्या पृथक्करणाला तेव्हा ५०० डॉलरच्या घरात खर्च यायचा, म्हणजे बादलीच्या किमतीच्या पाचपट.

तरीही बादलीने काय साधलं ते पाहू. प्रयोगशाळा तर आधीपासून होती, तिची अचूकताही होती. सरकारी निरीक्षकही नमुना घेऊ शकत होता. त्यासाठी वापरायचा स्टीलचा निर्वात डबा महाग होता, पण मुख्य अडचण त्याच्या किमतीची नव्हती. तो डबा मध्यरात्री दोन वाजता, वास सुटलेल्या गल्लीत, वारा कारखान्याकडून वस्तीकडे वाहत असताना हजर नसायचा. पृथक्करणाच्या साखळीत जी कडी तुटलेली होती ती होती वेळेची आणि जागेची. बादलीने तेवढीच कडी जोडली आणि उरलेलं काम जिथे ते चांगलं होतं तिथेच ठेवलं.

कल्पना करा, कुणी त्या काळी स्वस्तातला बेंझीनमापक बनवून वस्तीत लावला असता. त्याचं वाचन कोर्टात पहिल्याच प्रश्नाला गडगडलं असतं: 'याचं कॅलिब्रेशन, म्हणजे माप बरोबर असल्याची पडताळणी, कुणी केली?' बादलीच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळा देत होती, तेही त्याच यंत्रावरून ज्यावर कंपन्यांचे आणि सरकारचे नमुने तपासले जात. लोकांकडे उरला तो फक्त एक प्रश्न: नमुना खरंच तिथला आणि तेव्हाचा आहे का? त्याचं उत्तर शिस्तीने देता येतं.

नाक, वही आणि वारा

ही शिस्त म्हणजे उपकरणाचाच अर्धा भाग आहे असं मी मानतो. बादलीच्या गटांमध्ये कामं वाटलेली असत. काही जण वास घेणारे: वास आला की वेळ, जागा, वासाची जात आणि तीव्रता वहीत लिहिणार आणि इतरांना कळवणार. काही जण नमुना घेणारे, ज्यांच्या घरात बादली तयार ठेवलेली असे. आणि एक समन्वयक, जो नमुना पाठवण्यालायक आहे का ते ठरवणार. पृथक्करण इतकं महाग असताना प्रत्येक वासामागे पिशवी भरून चालत नसे.

माणसाचं नाक इथे फार कामाचं आहे. हायड्रोजन सल्फाइड अब्जात काही भाग असला तरी आपल्याला जाणवतो. मर्कॅप्टन नावाची गंधकाची संयुगं त्याहूनही कमी प्रमाणात, सडलेल्या कोबीच्या वासासारखी. अशा वायूंसाठी नाकाची संवेदनशीलता बऱ्याच यंत्रांना लाजवेल अशी आहे. पण बेंझीनच्या बाबतीत उलट आहे. त्याचा वास यायला हवेत ते दशलक्षात एखाद्या भागाहून जास्त असावं लागतं, आणि त्या पातळीच्या कितीतरी खाली ते दीर्घकाळात घातक असतं. म्हणजे वास न येणारी हवा निर्धोक असते असं नाही, आणि ज्याचा वास येतो तेच सर्वांत विषारी असतं असंही नाही. वास फक्त सांगतो की कारखान्यातून काहीतरी सुटलंय, आता पिशवी भरा. त्याच्यासोबत आणखी काय आलंय ते प्रयोगशाळा सांगेल. शिवाय नाक काही मिनिटांत वासाला सरावतं, आणि हायड्रोजन सल्फाइड फार वाढला तर घ्राणशक्तीच बधिर होते. म्हणून वहीतली नोंद पहिल्या क्षणी व्हायला हवी आणि चक्कर येऊ लागली तर बादली सोडून आधी तिथून निघायला हवं. बादली पुरावा गोळा करते, संरक्षण देत नाही.

वाऱ्याची नोंद तितकीच महत्त्वाची. कारखान्याच्या वाऱ्याखालच्या बाजूचा नमुना एकटा असला की कंपनी म्हणू शकते, हे महामार्गावरच्या गाड्यांचं आहे. त्याच वेळी वाऱ्याच्या वरच्या बाजूला घेतलेला दुसरा नमुना असला की त्या म्हणण्याची परीक्षा होते. नमुना घेणाऱ्याने सिगारेट ओढायची नाही, अत्तर लावायचं नाही, हाताला पेट्रोल किंवा ताजा रंग लागलेला नको, जवळ गाडीचं इंजिन चालू नको. रासायनिक चिकटद्रव्यातला टोल्युइन नमुन्यात शिरला तर सगळी मेहनत वाया. पिशवीसोबतचा ताबा-पत्रक नावाचा कागद तर जिवापाड जपायचा: कुणी भरली, कुणाला दिली, किती वाजता, सील कुणाच्या सहीचं. रसायनशास्त्राच्या पदवीत हा कागद क्वचितच शिकवला जातो, आणि कोर्टात पहिल्यांदा तोच मागितला जातो.

डायमंडमध्ये काय झालं

१९९० च्या दशकाच्या अखेरीस बादल्या डायमंडमध्ये पोचल्या. कोर्टात हरलेल्या वस्तीला त्यामुळे एक वेगळीच जागा मिळाली. तोपर्यंत त्यांचं म्हणणं 'आम्हाला त्रास होतो' एवढं होतं. आता त्यांच्या हातात रसायनांची नावं आणि आकडे आले. पत्रकार, अधिकारी, कंपनीचे लोक यांच्यासमोर त्याच आकड्यांवरून प्रश्न विचारता येऊ लागले. नोव्हेंबर २००० मध्ये हेगला भरलेल्या हवामान परिषदेच्या वेळी मार्गी रिचर्ड नॉर्कोच्या हवेची पिशवी घेऊन गेल्या आणि शेलच्या अधिकाऱ्याला त्यांनी ती हवा हुंगून पाहायला सांगितली. त्यात विज्ञान किती आणि राजकारण किती, असा प्रश्न कुणी विचारू शकतो. मला त्यात दोन्हींचा मेळ दिसतो: पिशवीतल्या आकड्यांना तोवर प्रयोगशाळेचा आधार मिळालेला होता, म्हणूनच त्या पिशवीला वजन होतं.

कंपनीने शांत बसून राहायचं टाळलं. तिने वस्तीभोवती स्वतःचा हवामापनाचा कार्यक्रम उभा केला, आणि हवा मानकांच्या आत असल्याचं तिचं म्हणणं होतं. त्याच सुमारास तिने वस्तीतल्या दोनच गल्ल्या विकत घेण्याचा प्रस्ताव ठेवला होता. लोकांनी चारही गल्ल्यांचा आग्रह सोडला नाही. अखेर २००२ मध्ये कंपनीने चारही गल्ल्यांतल्या ज्यांना जायचं आहे अशा सगळ्या घरांना स्थलांतराचा मोबदला देण्याचं मान्य केलं. उत्सर्जन ३० टक्क्यांनी कमी करण्याचं आणि समाजाच्या विकासासाठी ५० लाख डॉलरच्या निधीचंही मान्य झालं. २००४ मध्ये मार्गी रिचर्ड यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी.

हे सगळं बादलीनेच केलं असं म्हणणं चुकीचं ठरेल. अनेक वर्षांचं संघटन, कोर्टातल्या पराभवानंतरही टिकलेली एकजूट, बाहेरच्या संस्थांची साथ, कंपनीच्या प्रतिमेची चिंता, हे सगळं त्यात होतं. पण त्या सगळ्यांना बोलायला एक ठोस विषय बादलीने दिला.

सरासरीचा पेच

या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग इथे आहे आणि बादलीचे चाहते त्यावरून घाईने पुढे जातात. बादलीचा नमुना दोन-तीन मिनिटांचा. कायद्यातली बरीच मानकं मात्र वर्षभराच्या किंवा २४ तासांच्या सरासरीची. दोघांची तुलना सरळ करता येत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एखाद्या वस्तीत रोज एक तास बेंझीनचं प्रमाण ९० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर असतं आणि उरलेले २३ तास १. दिवसाची सरासरी येते ११३ भागिले २४, म्हणजे सुमारे ४.७. भारतात २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत बेंझीनची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. म्हणजे कागदावर ही हवा नियमात बसते. त्या एका तासात बादली भरली तर ९० दिसेल. इतर वेळी भरली तर १ दिसेल. दोन्ही वाचनं खरी आणि सरासरीही खरी.

कंपनीची बाजू म्हणते, मानक ओलांडलेलं नाही. वस्ती म्हणते, आम्ही सरासरी श्वास घेत नाही, आम्ही आत्ताचा श्वास घेतो. दोघांत तथ्य आहे आणि ते वेगवेगळ्या प्रश्नांविषयी आहे. बेंझीनमुळे होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा धोका दीर्घकाळच्या एकूण संपर्कावर ठरतो, त्यामुळे वार्षिक सरासरीचं मानक निरर्थक नाही. पण डोळ्यांची जळजळ, दम्याचा झटका, मळमळ हे शिखरांचे परिणाम आहेत, आणि सरासरी शिखरं पुसून टाकते. शिवाय शिखर म्हणजे बहुतेक वेळा कारखान्यात काहीतरी बिघडल्याची खूण: झडप गळतेय, फ्लेअर, म्हणजे जादा वायू जाळणारी चिमणी, नीट जळत नाही, टाकी भरताना वाफ सुटतेय. नियामकाला हे कळणं आवश्यक असतं, मग सरासरी काहीही असो.

म्हणून बादलीवाल्यांनी काय दावा करावा हे फार जपून ठरवायला हवं. 'या गल्लीत अमुक वेळी, वारा अमुक दिशेने असताना हवेत ही ही रसायनं एवढ्या प्रमाणात होती', इतकं बादली पक्कं सांगते. 'इथली हवा कर्करोगाला कारण आहे' असं ती सांगत नाही. पहिलं विधान कुणी मोडू शकत नाही. दुसरं विधान केलं की पहिल्याचाही भरवसा जातो. स्वस्त उपकरणांच्या जगात मला वारंवार दिसणारी चूक हीच: उपकरणाला जे कळतं त्यापेक्षा जास्त त्याच्या तोंडी घातलं जातं.

कुडलोर आणि आपले पट्टे

बादली भारतात आली ती तमिळनाडूतल्या कुडलोरला. तिथल्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांतल्या लोकांनी २००४ मध्ये बादलीचं प्रशिक्षण घेतलं, वासांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि नमुने घेतले. त्यांत वीसहून अधिक रसायनं सापडली, काही कर्करोगकारक. नोंदी ठेवणाऱ्यांमध्ये शेतकरी, मच्छीमार, घर सांभाळणाऱ्या बायका होत्या. पुढे नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेही त्या भागातल्या हवेचा अभ्यास केला. बाष्पशील सेंद्रिय संयुगं हा विषय त्यामुळे नियामकांच्या टेबलावर येऊन बसला. धूळ, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड एवढ्यावरच हवेची गुणवत्ता मोजण्याची आपली जुनी सवय, आणि रसायन उद्योगाच्या शेजारी ती अपुरी आहे, हे तिथे लख्ख दिसलं.

लोटे-परशुराम, महाड, पाताळगंगा, तारापूर, डोंबिवली. या पट्ट्यांत राहणाऱ्यांना रात्रीचा वास आणि सकाळी येणारा निरीक्षक हे नवं नाही. इथे कुणाला असं साधन बनवायचं असेल तर काही गोष्टी आवर्जून सांगतो. रिकामी रंगाची बादली वापरू नका. नमुना बादलीला शिवत नसला तरी प्लास्टिकमध्ये मुरलेल्या थिनरची वाफ पापुद्र्यातून पिशवीत झिरपू शकते. खाद्यपदार्थांच्या घाऊक पॅकिंगची, घट्ट झाकणाची बादली बरी. ओढण्यासाठी हवेच्या गाद्या फुगवायचा १२ व्होल्टचा पंप चालतो, त्याला हवा ओढून घ्यायचं तोंड असतं. पिशवीपर्यंतची नळी मात्र टेफ्लॉनचीच घ्या, बागेच्या पाइपचा तुकडा नको, पीव्हीसीतून प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायनं, सुटतात. पिशवी वापरण्याआधी शुद्ध हवेने फुगवून, झडप बंद करून रात्रभर एखाद्या हलक्या वजनाखाली ठेवा. सकाळी सैल पडली असेल तर ती बाजूला काढा. आणि पहिली पिशवी भरण्याआधी प्रयोगशाळेशी बोलून घ्या: हवेचे टेडलार पिशवीतले नमुने त्या घेतात का, किती तासांत हवेत, कोणती संयुगं त्यांच्या मान्यतेच्या कक्षेत आहेत, आणि निकालाच्या कागदावर शोधमर्यादा, म्हणजे ज्याखालचं प्रमाण यंत्राला दिसत नाही तो आकडा, छापतात का. 'आढळलं नाही' या शब्दांपुढे शोधमर्यादा नसेल तर त्या शब्दांना काही किंमत नाही.

खर्चाचं काय? बादलीचे पैसे वर्गणीत निघतात, पृथक्करणाचे निघत नाहीत. म्हणून नमुन्यांच्या आधी वही. काही महिने नियमाने लिहिलेली वासाची वही, वेळ आणि वाऱ्यासह, स्वतःच एक नकाशा देते: कोणत्या पाळीला, कोणत्या वाऱ्यात, कोणत्या गल्लीत. त्या नकाशावरून निवडलेले मोजके नमुने, सोबत कोरी पिशवी आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूचा जोडनमुना, हे विस्कळीत ढीगभर नमुन्यांपेक्षा जास्त बोलतात. जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाने वही आणि कोऱ्या पिशव्यांची जबाबदारी घेतली तर काम खूपच हलकं होईल. विद्यार्थ्यांना यातून जे शिकायला मिळेल ते प्रात्यक्षिकाच्या वहीतल्या ठरीव टायट्रेशनमधून मिळणार नाही.

कुंपणावरचं मापन

अमेरिकेत २०१५ मध्ये ईपीएने रिफायनऱ्यांसाठी नवा नियम केला: कुंपणाच्या सर्व बाजूंनी बेंझीन मोजायचं आणि आकडे लोकांसाठी खुले करायचे. कुंपणावरच्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वाचनातल्या फरकाची वार्षिक सरासरी ९ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या वर गेली तर कंपनीने कारण शोधून दुरुस्ती करायची. मोजण्यासाठी जे साधन ठरलं तेही स्वस्तच आहे: शोषक पदार्थ भरलेली छोटी नळी, ना पंप ना वीज, दोन आठवडे कुंपणाला टांगून ठेवायची आणि मग प्रयोगशाळेत पाठवायची. विभागणी पुन्हा तीच, नमुना स्वस्त आणि पृथक्करण पक्कं. पण दोन आठवड्यांची नळी मध्यरात्रीचं शिखर दाखवत नाही, त्यामुळे तिच्या शेजारी बादलीची गरज उरतेच.

आणि लुइझियानात, जिथे डायमंडच्या लोकांनी बादल्या भरल्या, तिथे २०२४ मध्ये राज्याने कायदा करून समाजगटांच्या हवामापनावर अटी घातल्या. नियमभंगाचा आरोप करायचा तर मापन ईपीएने मान्य केलेल्या उपकरणांचं आणि पद्धतींचंच हवं. उल्लंघनासाठी दिवसाला ३२,५०० डॉलरपर्यंत दंड. २०२५ मध्ये काही समाजगटांनी त्याविरुद्ध फेडरल न्यायालयात दावा दाखल केला. त्यांचं म्हणणं असं की हा कायदा त्यांना स्वतःच्या हवेविषयी बोलण्यापासूनच रोखतो. मोजमापाची गुणवत्ता हवी याबद्दल माझं दुमत नाही, या लेखाचा अर्धा भाग त्याच विषयावर आहे. पण गुणवत्तेची अट नमुना कसा घ्यावा, कोरी पिशवी कशी ठेवावी, आकडा कसा मांडावा यावर असायला हवी. ती यंत्राच्या किमतीवर बसवली, तर मध्यरात्री दोन वाजता त्या गल्लीत पुन्हा कुणीच हजर नसेल.